‘इफर्व्हेसंट’ : एका शब्दाच्या अर्थच्छटा आणि मराठी पर्याय

रसायनशास्त्र, वाङ्मय व समाजशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापनात ‘इफर्व्हेसंट’ हे इंग्रजी विशेषण भेटते. मात्र तिन्ही ठिकाणी एकच मराठी प्रतिशब्द चालत नाही. लॅटिनमधील ‘फर्व्हेरे’, म्हणजे उकळणे, हे त्याचे मूळ. प्रत्यक्षात या फसफसण्याला उष्णता लागत नाही. सायट्रिक आम्ल व खाण्याचा सोडा पाण्यात एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड मुक्त होतो आणि पाणी उलट किंचित थंड होते. उकळण्याशी साम्य उरते ते केवळ बुडबुड्यांचे. त्याच साम्यावरून इंग्रजीत आनंदी, उत्साही व्यक्तीलाही हा शब्द लागू झाला.

मराठीत द्रवासाठी ‘फसफसणारा’ योग्य आहे. पण कादंबरीतील नायिकेला ‘फसफसणारी’ म्हटल्यास वर्ग हसेल. ‘आनंदाच्या उकळ्या फुटणे’ या वाक्प्रचारात लॅटिनचीच प्रतिमा आहे, परंतु तो आनंद बहुधा मनातल्या मनात असतो. चारचौघांत ओसंडणाऱ्या स्वभावास ‘सळसळत्या उत्साहाची’ हेच बरे.

खरी अडचण समाजशास्त्रात येते. एमिल दुर्खीम याने 1912 च्या ग्रंथात समूह एकत्र आल्यावर उसळणाऱ्या भावनेसाठी हाच शब्द योजला व तीत धर्मभावनेचे मूळ पाहिले. त्याचे भाषांतर ‘सामूहिक उन्माद’ केल्यास पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या विद्यार्थ्याला काय वाटेल? त्याच्या परिचयाचा बोहाडा, म्हणजे देवदैत्यांचे मुखवटे घालून रात्री निघणारी सोंगे, आणि तारपानृत्य हीच या संकल्पनेची जवळची उदाहरणे. उन्माद हे तर आयुर्वेदात मनोविकाराचे नाव! तारपा वाजविणारा सूर बदलतो तशी नाचणाऱ्यांची पावले बदलतात; कमरेभोवती गुंफलेले हात सुटत नाहीत. दुर्खीमच्या वर्णनात बेभानपणा जरूर आहे, परंतु त्यातून समाजबंध दृढ होतात असे त्याचे प्रतिपादन आहे. आदिवासींच्या उत्सवाला आजाराचे नाव देणे हा केवळ भाषिक दोष नव्हे.

‘उचंबळणे’ हे क्रियापद येथे अधिक जवळचे वाटते. ते पाण्यालाही लागते व अंतःकरणालाही, आणि त्यात निंदा नाही. ‘उचंबळ’ हे नाम मात्र पारिभाषिक म्हणून रुळलेले नाही. तोवर वर्गात ‘समूहाचे उचंबळून येणे’ असे क्रियापदानेच सांगणे सोयीचे.