पाल्याविना हिरवे

'पालो वेर्दे' हे नाव ऐकून मालवणी माणसाच्या डोळ्यांपुढे हिरवागार पाला उभा राहील. त्याच्या बोलीत 'पालो' म्हणजे पानेच. पण हे नाव स्पॅनिश. तिथे 'पालो' म्हणजे काठी, लाकूड आणि 'वेर्दे' म्हणजे हिरवे. मेक्सिकोत अनेक झाडांची नावे अशी 'पालो'ने सुरू होतात. लोखंडासारख्या कठीण लाकडाचे झाड तिथे 'पालो फिएरो' ठरते, तर सोनोरन वाळवंटातले हे झाड 'हिरवी काठी'.

नाव ठेवणाऱ्यांनी नेमकी खूण हेरली होती. पाऊस ओसरून जमीन सुकली की हे झाड आपली इवली पाने टाकून देते. उरतो तो फांद्यांचा सांगाडा, पण वाळलेला नव्हे. गुळगुळीत, पोपटी सालीखाली हरितद्रव्याचा थर असतो आणि पानांचे काम ती सालच करते. टेकड्यांच्या उतारावर वाढणाऱ्या जातीत तर वर्षभराच्या अन्नातला निम्म्याहून मोठा वाटा साल आणि फांद्याच तयार करतात.

हा खटाटोप पाण्यासाठी. पाने म्हणजे उघड्या खिडक्या; कार्बन डायऑक्साइड आत येतो, त्याच वाटेने वाफ बाहेर पडते. पाने गाळली की पाण्याचा मोठा खर्च थांबतो आणि अन्ननिर्मिती संथपणे चालू राहते. त्यासाठी सालीवर जाड बुचासारखे कवच चढू न देणे भाग असते, नाहीतर ऊन आत पोहोचणार नाही. म्हाताऱ्या झाडाचा बुंधा मात्र खालून करडा, खरबरीत होत जातो.

या झाडाच्या विरळ सावलीत साग्वारो या महाकाय निवडुंगाची रोपे ऊन आणि थंडी चुकवत वाढतात. पुढे हाच निवडुंग जमिनीतल्या पाण्यासाठी आपल्या दाईशी स्पर्धा करतो. 1954 साली ॲरिझोनाने पालो वेर्देला राज्यवृक्षाचा मान दिला.

शास्त्रीय नावाची गोष्ट निराळी. कार्ल लिनियसने 1753 मध्ये या झाडांच्या प्रजातीला 'पार्किन्सोनिया' हे नाव दिले, ते लंडनचे औषधविक्रेते आणि वनस्पतितज्ज्ञ जॉन पार्किन्सन यांच्यावरून. पालो वेर्देच्या काही जाती पूर्वी 'सर्सिडियम' नावाच्या वेगळ्या गटात होत्या. हे नाव शेंगांच्या आकारावरून विणकराच्या धोट्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दातून आले. एक नाव माणसाचे, दुसरे शेंगेचे. झाड जगते कसे, हे सांगणारे नाव मात्र गावकऱ्यांचेच.

यातली एक जात, पार्किन्सोनिया ॲक्युलिएटा, फार पूर्वीच भारतात आली. आपल्या कोरड्या भागांत ती कुंपणाला, रस्त्याकडेला दिसते: लोंबत्या दोऱ्यांसारखी पाने, पिवळी फुले, काटे. लांबून बाभूळ वाटेल. पुढच्या वेळी पाने नाही, खोड पाहा. शेराच्या कुंपणाची हिरवी कांडीही हेच काम करते.