बिल आले म्हणून देणे सिद्ध होत नाही
लेखमाला : घर, व्यवहार आणि कायदा
लेखांक सहावा

मागच्या लेखांकात काम सुरू होण्यापूर्वीची बोली कशी करावी, हे आपण पाहिले. आज त्यापुढची पायरी. काम संपले आहे, ठरल्यापेक्षा बरेच मोठे बिल आले आहे, घरमालकाने ‘बघू, बसून बोलू’ म्हणत ते कपाटात ठेवले आहे आणि काही महिन्यांनी वसुलीसाठी तिसराच माणूस दारात उभा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर दुरुस्तीची कामे एकदम निघतात. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर चढले आणि वाहतूक थांबली. अशा पुरानंतर भिंती, छपरे आणि गिलावा यांची कामे सगळ्यांचीच एका वेळी निघतात. गवंडी मिळणे हीच मोठी गोष्ट ठरते, मग दर, मोजमाप आणि जादा काम यांचे बोलणे तोंडीच राहते. वाद तिथेच जन्मतो. माझे म्हणणे असे की, बिल ही समोरच्याने केलेली मागणी असते. देणे ठरते ते करारातून, स्वीकारलेल्या लाभातून किंवा न्यायालयाच्या निकालातून. वसुलीचे काम दुसऱ्याच्या हाती सोपवल्याने मूळ मागणी तसूभरही भक्कम होत नाही. मात्र या संरक्षणाचा उपयोग त्यालाच होतो, जो वेळेत, लेखी आणि बाबनिहाय हरकत घेतो.

यावरचा पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप नैतिक आहे: माणसाने घाम गाळला, घर गळायचे थांबले, मग पैसे द्यायला का-कू कशाला? हा आक्षेप कायद्यालाही मान्य आहे. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७० सांगते की, एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. पण याच कलमाला मर्यादाही आहे, आणि ती सर्वोच्च न्यायालयाने ‘पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स’ या खटल्यात डिसेंबर १९६१ मध्ये स्पष्ट केली. तेथे सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून कंत्राटदाराने बांधकाम केले होते. करार नियमानुसार झालेला नव्हता, तरी सरकारने बांधकाम वापरले, म्हणून भरपाई द्यावी लागली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर साताऱ्याचे, धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकलेले. त्यांनी मांडलेले तत्त्व असे की, समोरच्याला काम नाकारण्याची मोकळीक हवी आणि ती असूनही त्याने ते स्वेच्छेने स्वीकारलेले हवे. कोणावर लाभ लादून त्याच्याकडून किंमत वसूल करता येत नाही. म्हणजे गवंड्याचा हक्क आणि घरमालकाचा हक्क एकाच कलमात एकमेकांना धरून उभे आहेत.

आकड्यांत मांडले तर हे अधिक उघड होईल. समजा, निपाणीतील एका घराच्या स्लॅबचे वॉटरप्रूफिंग मटेरियलसह ७० रुपये चौरस फुटाने ठरले. स्लॅब ६०० चौरस फुटांचा, म्हणजे ४२,००० रुपये. २०,००० उचल दिली. शेवटी बिल आले ते असे: ७५० चौरस फुटांचे ५२,५००, कठड्याच्या गिलाव्याचे ९,०००, सांडपाण्याचा पाइप बदलल्याचे ८,०००, आणि या ६९,५०० रुपयांवर १८ टक्के जीएसटी १२,५१०. एकूण ८२,०१०. संपूर्ण बिल मान्य किंवा संपूर्ण बिल अमान्य, अशी भूमिका घेणारा येथेच चुकतो, कारण चार बाबींची चार उत्तरे आहेत. क्षेत्रफळ हा मताचा प्रश्न नाही. दोघांसमोर टेप लावून मोजले की तो मिटतो. कठड्याचा गिलावा ‘तोही करून टाका’ असे मालकाने सांगितले असेल, तर दर ठरला नव्हता तरी वाजवी मोबदला देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तो किती, हे त्या भागातील चालू दरावरून ठरेल. पाइप न विचारता बदलला असेल आणि मालकाला ते बिल पाहूनच कळले असेल, तर नाकारण्याची संधीच मिळाली नव्हती, म्हणून ही रक्कम वादाची आहे. पण बदलताना मालक शेजारी उभा राहून गप्प बसला असेल, तर त्याची बाजू लंगडी पडते. जीएसटीची नोंदणी नसलेल्याला हा कर ग्राहकाकडून घेताच येत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक नसेल, तर तो मागणे ही पहिली पायरी. मोजमाप ६०० चौरस फूटच निघाले, गिलाव्याचा वाजवी मोबदला ६,००० धरला, पाइपची रक्कम अमान्य केली आणि नोंदणी नसल्याचे दिसले, तर मान्य रक्कम ४८,००० होते. उचल वजा जाता २८,००० रुपये देणे आहे, आणि ते द्यावेत.

हे २८,००० रुपये द्यावेत की वाद मिटेपर्यंत सगळेच थांबवावेत, यावर अनेक जाणकार दुसरा सल्ला देतात. थोडे पैसे दिले की पूर्ण बिलाची कबुली दिल्यासारखे होते, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. मुदत कायदा, १९६३ नुसार केलेल्या कामाच्या किमतीसाठी साधारणपणे तीन वर्षांत दावा लावावा लागतो, आणि लेखी कबुली किंवा अंशतः भरणा यामुळे ही मुदत नव्याने सुरू होऊ शकते. पण ताज्या वादात मुदत संपण्याची वाट पाहणे हा बचाव नव्हे. मान्य रक्कमही अडवून ठेवणारा माणूस ग्राहक आयोगापुढे किंवा न्यायालयापुढे पैसे बुडवणारा दिसतो. ती चुकती करणारा प्रामाणिक दिसतो. म्हणून रक्कम बँकेतून द्यावी आणि त्याच दिवशी पत्र पाठवावे: कोणत्या बाबी मान्य, कोणत्या अमान्य, का, दिलेली रक्कम कशापोटी आहे, आणि उरलेली मागणी नाकारली आहे. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपावी, कामाचे फोटो आणि मोबाइलवरचे संदेश सोबत ठेवावेत. एक गोष्ट मात्र कधीही करू नये, ती म्हणजे ‘विश्वासासाठी’ सही केलेला कोरा चेक देणे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, स्वेच्छेने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकमध्ये समोरच्याने रक्कम भरली, तरी तो देण्यापोटीच दिला असे कायदा गृहीत धरतो. ते गृहीतक खोडता येते, पण पुराव्याचा भार तुमच्यावर येतो आणि दिवाणी वादाला चेक न वटण्याच्या कलम १३८ चे फौजदारी रूप मिळते.

आता दारात आलेल्या वसुली करणाऱ्याकडे वळू. तो कोणाकडून आला, हे आधी लेखी मागावे, कारण त्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. कंत्राटदाराने पाठवलेल्या माणसाला कंत्राटदारापेक्षा जास्त अधिकार नसतो. तो पैसे मागू शकतो. घरात शिरू शकत नाही, सामान उचलू शकत नाही, धमकावू शकत नाही. तसे केल्यास भारतीय न्याय संहितेतील गृहअतिक्रमण आणि धमकीची कलमे लागतात. वकिलाची नोटीस आली तर घाबरू नये, पण तिला उत्तर न देणेही धोक्याचे. कन्नड किंवा इंग्रजी मजकूर नीट समजत नसेल, तर तो समजून घेतल्याशिवाय कशावरही सही करू नये. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. तिसरा प्रकार वेगळा आहे: दुरुस्ती एखाद्या फायनान्स कंपनीच्या हप्त्यांवर केली असेल, तर ते खरोखर कर्ज आहे आणि हप्ता थांबवला तर सिबिलच्या नोंदीत उतरते. तेथे कंत्राटदाराशी भांडण आणि कंपनीशी हिशेब वेगळे ठेवावे लागतात. अशा कर्जाच्या वसुलीला रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत: सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करता येत नाही, आणि दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. गवंड्याचे किंवा कंत्राटदाराचे साधे बिल मात्र सिबिलमध्ये जात नाही. ती धमकी पोकळ आहे. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने वसुली संस्थेला नोटीस द्यावी लागते, आणि ग्राहकाने ३० दिवसांत लेखी हरकत घेतली की पडताळणी होईपर्यंत वसुली थांबते. आपल्याकडे खासगी बिलांसाठी असे आपोआप मिळणारे संरक्षण नाही. म्हणूनच आपले हरकतपत्र हीच आपली ढाल.

पत्राने भागले नाही, तर ग्राहक आयोग आहे, आणि सीमाभागातील माणसाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मोठी सोय करून दिली आहे. कोल्हापूर, कागल किंवा इचलकरंजीचा कंत्राटदार निपाणीत येऊन काम करतो, हे रोजचे आहे. १९८६ च्या कायद्यात तक्रार कुठे चालेल हे मुख्यतः समोरच्याचा पत्ता किंवा वादाचे कारण कुठे घडले यावर ठरे, आणि समोरचा पक्ष राज्याबाहेरचा म्हणून नवा वाद उभा राही. नव्या कायद्यात ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथेही तक्रार दाखल करता येते. म्हणजे निपाणीकराला बेळगावच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची, आणि आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर समेटाचा प्रयत्न करता येतो. पावती किंवा बिल न देणे हीदेखील या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बांधकाम ही सेवा ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यातच सांगितले आहे. तरी दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. रोजंदारीवर, तुमच्या देखरेखीखाली राबणारा गवंडी हा वैयक्तिक सेवेच्या करारात मोडू शकतो, आणि असा करार या कायद्याबाहेर आहे. ठोक काम घेणारा कंत्राटदार कायद्यात येतो. दुसरे, कायद्यात तीन महिन्यांचे उद्दिष्ट असले तरी प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो, आणि तुमच्या तक्रारीमुळे कंत्राटदाराचा दिवाणी दावा थांबत नाही.

शेवटचा आक्षेप आपल्या भागातला आणि मनापासूनचा आहे. गवंडी गल्लीतला असतो, पिढ्यांची ओळख असते, त्याला पत्र पाठवणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे लोकांना वाटते. मला उलट वाटते. तोंडी वादात ज्याचा आवाज मोठा, ज्याची ओळख वरपर्यंत, तो जिंकतो, आणि अनेकदा हरतो तो गवंडीच, कारण मोठ्या घरांकडे अडकलेली त्याची मजुरी सिद्ध करायला कागद नसतो. बाबनिहाय लिहिलेला हिशेब घरमालकाला फुगवलेल्या बिलापासून जितका वाचवतो, तितकाच गवंड्याला बुडव्या मालकापासून वाचवतो. त्यामुळे बिल आल्यापासून आठवडाभरात तीन गोष्टी करा: बाबनिहाय हिशेब मागा, मान्य रक्कम चुकती करा, अमान्य रक्कम कारणांसह लेखी नाकारा. वसुलीवाला येण्याआधी हे झाले असेल, तर तो आल्यावर दाखवायला तुमच्याकडे कागद असेल आणि त्याच्याकडे फक्त मागणी. पुढच्या लेखांकात अशा हरकतपत्राचा नमुना आणि जादा कामाची नोंद ठेवण्याची पद्धत पाहू.