कर्नाळ्याचा अंगठा

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले, की डोंगरावर एक सुळका दिसतो. जणू उभा अंगठाच. तोच कर्नाळा किल्ला. पायथ्याशी पक्ष्यांचे अभयारण्य आहे. तिथून पायवाटेने वर जाता येते.

इतक्या उंचावर किल्ला कशाला बांधला? वर गेलात, म्हणजे कळेल. पनवेल बंदरात माल उतरे. तो बोरघाटाने देशावर जाई. किल्ला ज्याच्या हाती, त्याची नजर या वाटेवर.

पण नुसत्या उंचीने किल्ला लढत नाही. माणसांना पाणी हवे. म्हणून सुळक्याच्या बुडाशी कातळात टाकी खोदली. पावसाचे पाणी तिथे साठवीत.

हा किल्ला शिवाजी महाराजांनी घेतला. १६६५ साली पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला. १६७० साली मराठे परत आले. मातीचे बांध घालीत, फळ्यांचा आडोसा धरीत ते पुढे सरकले. किल्ला पुन्हा घेतला!

१८१८ साली तो इंग्रजांकडे गेला. जवळच्याच शिरढोण गावी १८४५ साली वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. नातवाने १८७९ साली इंग्रजांविरुद्ध बंड उभारले.

तर मंडळी, एकदा किल्ला बघून या. काही लोक तिथल्या दगडावर आपले नाव कोरतात. तसे करू नका. आता तुम्हाला लिहिता येते. नाव वहीत लिहा. टाकी खोदणाऱ्या पाथरवटांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. त्यांचे काम मात्र राहिले आहे.