घरचा संगणक (भाग ७) : फुकटचा अँटीव्हायरस कोणता टाकावा?

हट्ट्याहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. मुलीच्या अभ्यासासाठी त्यांनी जुना डेस्कटॉप घेतला आहे. त्यावर फुकटचा कोणता अँटीव्हायरस टाकावा, असे ते विचारतात. वसमत तालुक्यातच काय, मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आज हाच प्रश्न आहे, म्हणून हा सगळा भाग त्यालाच दिला आहे.

उत्तर आधीच सांगतो. मशीनवर विंडोज १० किंवा ११ असेल तर वेगळे काही टाकू नका. अँटीव्हायरस त्यात आहेच. मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हे त्याचे नाव. २०१२ साली विंडोज ८ आले, तेव्हापासून तो विंडोजबरोबरच येतो. त्याला पैसे नाहीत, दरवर्षीचे नूतनीकरण नाही. सुरुवातीच्या काळात जाणकार त्याला कच्चा समजत आणि ते बरोबरच होते. आता तसे राहिलेले नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था सगळ्या अँटीव्हायरसची परीक्षा घेते. तिथे गेली काही वर्षे डिफेंडरला पैकीच्या पैकी किंवा त्याच्या जवळपास गुण मिळत आहेत.

मग अव्हास्ट, एव्हीजी, अविरा ही नावे सगळीकडे दिसतात, त्यांचे काय? पहिली गोष्ट म्हणजे, ही तीन वेगळी दुकाने नाहीत. तिन्ही आज जेन डिजिटल या एकाच कंपनीच्या हाती आहेत, नॉर्टनही तिचाच. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. २०१४ ते २०२० या काळात अव्हास्टने आपल्या वापरकर्त्यांनी कोणकोणत्या साइट पाहिल्या याची माहिती गोळा केली आणि जंपशॉट या आपल्याच कंपनीमार्फत शंभराहून अधिक कंपन्यांना विकली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये त्याबद्दल १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. घराची राखण करायला ठेवलेल्यानेच घरातल्या गोष्टी बाजारात सांगाव्यात, असा हा प्रकार झाला. जंपशॉट २०२० मध्येच बंद झाली, हेही सांगायला हवे. तरीही घरात आधीच एक चांगला अँटीव्हायरस असताना दुसऱ्याला आत का घ्यायचे, याचे उत्तर मला सापडत नाही. शिवाय दोन अँटीव्हायरस एकत्र नांदत नाहीत. दुसरा आला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो. नव्या लॅपटॉपबरोबर आलेला आणि मुदत संपलेला अँटीव्हायरस तसाच पडून असेल, तर तो आधी काढून टाका.

आपल्याकडची खरी अडचण पुढेच आहे. डिफेंडर असतो, पण बंद केलेला असतो. जुने मशीन देताना विंडोज क्रॅकचे, म्हणजे विनापरवाना, टाकले जाते, ऑफिस क्रॅकचे टाकले जाते, आणि क्रॅकची ती फाइल चालावी म्हणून डिफेंडर आधी बंद करतात. वर सांगतात, "दादा, त्यानं मशीन हँग होतंय, बंदच राहू द्या." गिऱ्हाईकही मान डोलावते. पण डिफेंडर त्या फाइलला अडवत होता, त्याला कारण होते. स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचा खंडणीखोर व्हायरस मुख्यतः अशा क्रॅकमधूनच घरात शिरतो. तो फोटो, पीडीएफ, वर्डच्या फाइली कुलूपबंद करतो, प्रत्येक नावापुढे चार अक्षरे चिकटवतो आणि एक चिठ्ठी ठेवतो : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केला तर ४९०. त्याच्या जुन्या १४८ प्रकारांवर एम्सिसॉफ्ट या कंपनीने २०१९ मध्ये फुकट किल्ली काढली. नंतरच्या बहुतेकांवर इलाज नाही. मुलीचे प्रकल्प, सातबाऱ्याच्या प्रती, हळदीच्या पट्ट्यांचे फोटो, सगळे जागच्या जागी असते आणि एकही उघडत नाही. अशा मशीनवर कोणताही अँटीव्हायरस टाका, फुकटचा किंवा हजार रुपयांचा, उपयोग नाही. दार आपणच उघडून दिलेले आहे.

शिरण्याचा दुसरा रस्ता पेन ड्राइव्ह. अर्ज भरायला, प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह घेऊन सेवा केंद्रात जायचे आणि तोच परत घरी लावायचा, हे रोजचे आहे. घरी उघडला की फोल्डर गायब, त्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट, कोपऱ्यात छोटा बाण. फाइली कुठे गेलेल्या नसतात, त्या लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक केले की व्हायरस आधी स्वतः चालतो आणि मग तुमचे फोल्डर उघडून दाखवतो, त्यामुळे शंकाही येत नाही. बाण दिसला तर क्लिक करू नका. पेन ड्राइव्हवर उजवे बटण दाबून डिफेंडरने स्कॅन करा. शक्य असेल तिथे पीडीएफ केंद्राच्या ईमेलवर पाठवा, पेन ड्राइव्ह नेऊच नका.

आता अपडेट. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भगदाडाची दुरुस्ती दिली. १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच भगदाडातून जगभर पसरला आणि आंध्र प्रदेशच्या पोलिसांचे संगणकही त्यात सापडले. २७ जूनला नॉटपेट्या आला. त्याची पसरण्याची एक वाट तीच होती, आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. दुरुस्ती हाताशी होती, ती लावलेली नव्हती. आपल्याकडे बहुतेक घरांत नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचे असते, म्हणून डेटा वाचवायला कनेक्शन 'मीटर्ड' करून ठेवतात. मग अपडेट अडकून पडतात. निदान आठवड्यातून एकदा ते बटण बंद करा आणि अपडेट पूर्ण होऊ द्या.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नियमित आधार संपला. डिफेंडरला नव्या व्हायरसची ओळख २०२८ पर्यंत मिळत राहील, पण विंडोजमधली भगदाडे त्याने बुजत नाहीत. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा योजना ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि तिला अस्सल विंडोज लागते. क्रॅक इथेही आडवा येतो. विंडोज ११ चालणार नाही इतके मशीन जुने असेल, तर लिनक्स मिंट टाका. ते फुकट आहे, अस्सल आहे आणि अभ्यासाला पुरते.

विकतचा अँटीव्हायरस घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. पुण्याच्या क्विक हीलचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले आणि भाऊ संजय यांनी लिहिलेल्या अँटीव्हायरसवर त्यांनी उभी केलेली कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात पोचली. मराठी माणसाचे हे काम मोलाचे आहे. दुकानात पाच-सहा मशीन असतील, हिशेब त्यावर असेल, तर असा विकतचा घ्यावा. एका घराला त्याची गरज नाही. मशीन आधीच बिघडले असेल, तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची साधने फुकट मिळतात. आणि बँकेतून पैसे गेलेच, तर अँटीव्हायरस शोधत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा.

आज संध्याकाळी वीज असेल तेव्हा स्टार्टमध्ये जाऊन 'विंडोज सिक्युरिटी' उघडा. व्हायरसच्या पानावर 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' आणि 'टॅम्पर प्रोटेक्शन' ही दोन्ही बटणे चालू आहेत का पाहा. शेवटच्या अपडेटची तारीख जुनी असेल तर तिथेच अपडेट करा. मग मुलांचे आणि शेताचे कागद एका वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क मशीनपासून काढून कपाटात ठेवा.