जळगाव ते धुळे : अंतराचे गणित आणि विमानाचा वेळ

जळगावाहून धुळ्यास विमानाने जाण्यास किती वेळ लागेल, असे कोणी विचारले तर संगणकावरील कोष्टक तत्काळ उत्तर देते. सरळ रेषा सुमारे ८३ किलोमीटर. ताशी ५०० किलोमीटर वेगाचे लहान प्रवासी विमान ती दहा मिनिटांत ओलांडील. गणित बिनचूक आहे. अडचण एवढीच की असे विमान कोठून सुटतच नाही. धुळ्याजवळ गोंदूर येथे धावपट्टी आहे, परंतु उतारूंची नियमित वाहतूक तेथून होत नाही.

ही रेषा मोजतात कशी, हे मात्र समजून घेण्याजोगे आहे. जळगाव आणि धुळे यांच्या रेखांशांत सुमारे पाऊण अंशाचा फरक आहे. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. उत्तरेकडे सरकावे तसा तो आकुंचन पावतो आणि खानदेशात १०४ वर येतो. त्यावरून पूर्वपश्चिम अंतर सुमारे ८२ किलोमीटर निघते. अक्षांशांतील किंचित फरकाने त्यात फारशी भर पडत नाही. याच फरकामुळे जळगावी सूर्य माथ्यावर आल्यानंतर धुळ्यास तो तीन मिनिटांनी माथ्यावर येतो. सूर्याची बरोबरी विमानास साधत नाही ती नाहीच!

आता उद्या असे विमान सुरू झालेच, तर? त्यास धावपट्टीच्या टोकाशी जावे लागेल, उंची गाठावी लागेल आणि पुरता वेग घेते न घेते तोच उतरणीस लागावे लागेल. शिवाय जळगावचा विमानतळ शहराच्या आग्नेयेस, कुसुंब्याजवळ आहे. गोंदूर धुळ्याच्या पश्चिमेस आहे. म्हणजे धुळ्यास निघालेल्या गृहस्थाने प्रथम धुळ्याकडे पाठ करून जावयाचे, आणि उतरल्यावर पुन्हा शहराकडे मागे फिरावयाचे! आजाऱ्यास घेऊन निघालेल्या किंवा परीक्षेची वेळ गाठावयाच्या माणसास कोष्टकातील दहा मिनिटे काय कामाची? जळगावचा विमानतळ २०१२ साली सुरू झाला, तो मुंबई, पुणे अशा दूरच्या प्रवासास उपयोगी पडावा म्हणून. शेजारच्या गावासाठी नव्हे.

आगगाडीचा हिशेब याहून विचित्र. धुळे हे १९०६ पर्यंत अखंड खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे. तथापि मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग त्यास बगल देऊन चाळीसगाव, जळगाव असा गेला. धुळ्यास फाटा मिळाला तो १९०० साली, चाळीसगावाहून. त्यामुळे आजही रेल्वेने जावयाचे तर चाळीसगावचा वळसा घालून सुमारे १५० किलोमीटर पडतात, आणि गाडी बदलण्याची प्रतीक्षा वेगळीच.

राहता राहिला रस्ता. एरंडोल, पारोळा या गावांवरून जाणारा हा महामार्ग ९० ते ९५ किलोमीटरांचा, म्हणजे सरळ रेषेहून जेमतेम दहाबारा किलोमीटरांनी अधिक. मध्ये मोठा घाट नाही. एस.टी. किंवा मोटार साधारणतः दोन ते अडीच तासांत पोचविते, आणि तीही गावात.

बोरविहीर ते नरडाणा या नव्या लोहमार्गाचे काम हाती घेण्यात आलेले आहे. तो पूर्ण झाला म्हणजे धुळ्याहून नरडाणा, अमळनेर असे करीत जळगावास जाण्याचा दुसरा मार्ग मोकळा होईल आणि चाळीसगावचा वळसा टळेल.