कॅम्परव्हॅनमधला गॅसवरचा फ्रिज

युरोपातल्या अनेक कॅम्परव्हॅनमध्ये दिसणारा गॅसवरचा फ्रिज कॉम्प्रेसरशिवाय चालतो. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्वीडिश विद्यार्थ्यांनी 1922 मध्ये शोधलेल्या या रचनेत छोटी ज्योत अमोनियाचे द्रावण तापवते. बाहेर पडलेला अमोनिया द्रवरूप होतो आणि पुन्हा त्याची वाफ होताना फ्रिजमधली उष्णता शोषतो. द्रव उतारानेच वाहत असल्याने मुक्कामी गाडी सपाट जागेवर उभी करावी.

गाडी धावत असताना फ्रिज 12 व्होल्टवर ठेवून सिलिंडर बंद करणे सर्वांत सुरक्षित. अपघातात गॅस आपोआप तोडणारी यंत्रणा असेल आणि त्या देशाचा नियम परवानगी देत असेल, तरच प्रवासात गॅस वापरावा. पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी ज्योत विझलेलीच हवी, इथे सवलत नाही. काही स्वयंचलित फ्रिज इंजिन थांबल्यावर स्वतःच गॅसकडे वळतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

निळ्याऐवजी पिवळी ज्योत किंवा बाहेरच्या जाळीवर काजळी दिसली, तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका समजावा आणि फ्रिज बंद करून तंत्रज्ञाला दाखवावा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचतो. म्हणून थंडी कितीही असो, फरशीतली वायुवीजनाची छिद्रे कधीही बुजवू नयेत.