आग रामेश्वरी, बॉयलर तळघरी

अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासचं एखादं दुमजली लाकडी घर डोळ्यांपुढे आणा. महिना जानेवारीचा. दिवाणखान्यात मंडळी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात निवांत, आणि मागे वाढवलेल्या खोलीत आजी दोन स्वेटर चढवून वर शाल पांघरून बसलेली. थर्मोस्टॅट दिवाणखान्यात आहे ना! तिथे ऊब पोचली, की त्याच्या लेखी अख्खं घर उबदार. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

यावरचा इलाज म्हणजे तेलावर चालणाऱ्या बॉयलरला एक नवा ‘झोन’ जोडायचा. त्या खोलीला स्वतःची नळी, स्वतःचा थर्मोस्टॅट. ऐकायला हे काम रुक्ष वाटतं, पण तळघरात उतरलं की गमतीच गमती.

नाव बॉयलर, पण उकळी नाही
गरम पाणी फिरवणाऱ्या या बॉयलरमध्ये पाणी उकळतच नाही. जास्तीत जास्त ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास, बस्स. आत जाळ आणि भोवती पाणी, म्हणजे आपल्या तांब्याच्या बंबाचाच हा परदेशी भाऊबंद. फरक एवढाच, की बंबातलं पाणी आपण अंगावर घेतो. इथे तेच ते पाणी वर्षानुवर्षं घरभर फेऱ्या मारतं. थंड असताना दाब साधारण १२ पीएसआय. एवढ्या दाबाने पाणी २७ फूट चढतं, दुमजली घराला पुरेसं. दाब ३० वर गेला, की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो.

शिट्टी थांबली की पुरे
तळघरात तेलाची टाकी असते. नेहमीचं माप २७५ गॅलन, म्हणजे हजार लिटरच्या वर. टँकरवाला बाहेरूनच नळी लावतो; टाकी त्याला दिसतही नाही. मग भरली हे कळतं कसं? तेल आत जाताना हवा बाहेर पडते आणि शिट्टी वाजवते. तेल शिट्टीच्या नळीपर्यंत चढलं, की आवाज बंद. कुकरची शिट्टी झाली की आपण गॅस बंद करतो. इथे शिट्टी थांबली की तेल बंद.

लाल तेल
हे तेल म्हणजे डिझेलचा सख्खा भाऊ, फक्त रंगाने लाल. रस्त्यावरच्या डिझेलला लागणारा कर याला नाही, म्हणून ओळखू यावं यासाठी त्यात रंग घालतात. ट्रकच्या टाकीत हे लाल तेल सापडलं, तर दंड ठरलेला! एका गॅलनमध्ये साधारण ४० युनिट विजेइतकी उष्णता असते. जवळच्या मेन राज्यात आजही बरीचशी घरं याच तेलावर तापतात.

मास्तर वैतागले, थर्मोस्टॅट आला
विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या कॉलेजात वॉरन जॉन्सन शिकवत. वर्ग गरम आहे की गार, हे बघायला शिपाई सारखा आत यायचा आणि शिकवण्याचा विचका व्हायचा. मास्तरांनी खोलीचं तापमान बघून तळघरातल्या शिपायाला घंटेने वर्दी देणारं विजेचं यंत्र बनवलं. १८८३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. नव्या झोनसाठी भिंतीवर लागणारा थर्मोस्टॅट हा त्या घंटेचाच वंशज.

स्वयंपाक तोच, वाढपी नवा
जुन्या घरात बहुधा एकच लांब वेटोळं असतं: पाणी पहिल्या खोलीतून दुसरीत, तिथून तिसरीत. शेवटच्या खोलीपर्यंत पोचेस्तोवर ते कोमट. पंगतीच्या टोकाला बसलेल्याच्या पानात गार भात पडतो ना, तसंच. झोन म्हणजे वेगळी पंगत आणि वेगळा वाढपी. त्यासाठी नवा बॉयलर लागतोच असं नाही. बरेच बॉयलर गरजेपेक्षा मोठेच बसवलेले असतात. म्हणून आधी भिंती, खिडक्या आणि छत मोजून कडाक्याच्या थंडीत घर किती उष्णता गमावतं, याचा हिशेब मांडायचा. बॉयलरमध्ये शिल्लक असेल, तर फक्त वाढायची सोय करायची.

पाऊण इंचात सहा गिझर
पाऊण इंची तांब्याच्या नळीतून मिनिटाला साधारण १५ लिटर पाणी नेतात. जाऊन येईस्तोवर ते ११ अंशांनी निवलं, तर ताशी ४०,००० बीटीयू उष्णता घरात उतरते. म्हणजे बाथरूममधले दोन किलोवॉटचे जवळजवळ सहा गिझर! भिंतीच्या पायथ्याशी बसणारी, पत्र्याच्या पंखांची बेसबोर्ड पट्टी फुटाला ताशी ६०० बीटीयू देते असं धरलं, तर एका झोनवर ६७ फुटांहून जास्त पट्टी जोडण्यात अर्थ नाही.

वाटीभर आमटी, गावजेवणाचं पातेलं
याची उलटी चूकही होते. एवढ्याशा न्हाणीघराला सहा फुटांचा स्वतंत्र झोन दिला, की तो ताशी जेमतेम ३,६०० बीटीयू घेतो. बॉयलर मात्र लाखभर ओततो. मग तो पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो, आणि तेल फुकट जातं.

००७ कामावर
पाणी फिरवणाऱ्या पंपांमध्ये अमेरिकी घरांत फार दिसणारा एक म्हणजे टॅको कंपनीचा ००७. गंमत म्हणजे नावाचा उच्चार ‘टेको’! वीज खातो साधारण सीलिंग फॅनएवढी. कुणी प्रत्येक झोनला असा स्वतंत्र पंप देतं, तर कुणी एकच पंप ठेवून प्रत्येक झोनला २४ व्होल्टचा व्हॉल्व्ह बसवतं.

भूत नव्हे, भौतिकशास्त्र
झोन बंद, तरी वरच्या खोलीतली पट्टी कोमट? गरम पाणी हलकं म्हणून ते पंपाशिवाय आपसूक वर चढतं. याला तिथले मिस्त्रीही भुताचा प्रवाहच म्हणतात. उतारा सोपा: पाण्याला आपण होऊन चढू न देणारा फ्लो-चेक व्हॉल्व्ह.

बादलीतले ढेकर
नव्या नळीत पाण्याआधी हवा भरलेली असते आणि हवेचा बुडबुडा पाणी अडवतो. म्हणून हवा काढून टाकायच्या पर्ज व्हॉल्व्हला रबरी नळी लावून तिचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडवायचं. आधी फुस्स, मग काळपट पाण्याची गुळणी, मग बादलीतून मोठमोठे ढेकर. बुडबुडे थांबले आणि अखंड धार लागली, की काम फत्ते. ते काळं पाणी बघून नाक मुरडू नका. त्यातला ऑक्सिजन केव्हाच संपलेला असतो, म्हणून ते लोखंडाला फारसं गंजवत नाही. गंज आणतं ते ताजं पाणी!

लाल बटण, लाल पट्टी
बॉयलरमध्ये तेल जाळणाऱ्या बर्नरला डोळा असतो: ज्योत दिसली नाही, तर काही सेकंदांत तो तेल तोडतो. लाल बटण दाबून एकदा पुन्हा सुरू करता येतं. पण दाबत राहिलं, तर न जळलेलं तेल आत साचतं आणि भडका उडू शकतो. तळघराच्या जिन्यावर लाल पट्टीचा एक स्विच असतो, तो या बॉयलरचा. पाहुण्यांनी दिव्याचा समजून तो बंद केला, की घर गारठलंच!

टिक, टिक, टिक
काम संपतं. नवा थर्मोस्टॅट वर सरकवला, की तळघरात रिले खट् करतो, पंप गुणगुणतो, बर्नर धडधडतो. थोड्या वेळाने आजीच्या खोलीत भिंतीच्या पायथ्याशी टिक, टिक सुरू होतं. १५ मीटर तांब्याची नळी गार असताना असते त्याहून तापल्यावर सुमारे दीड सेंटीमीटर लांब होते. ती आळस देताना येणारा हा आवाज.

आजी शाल बाजूला ठेवते. टोकाच्या पानावर अखेर गरम भात पडला.